दान आणि अट
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. रोवण्याच्या दिवसांत बांधीत चिखलात उभी राहून चार बांध्या पलीकडच्या बाईला ऐकू जाईल असे मी ओरडू शकते, पण या माइकपुढे उभे राहिले की तोंडाला कोरड पडते. शिक्षण माझे सातवीपर्यंत. म्हणून जे बोलायचे ते कागदावर उतरवून आणले आहे. चुकले तर सांभाळून घ्या.

मागच्या बैठकीत आपल्याकडे एका मुलीचा अर्ज आला होता. तिचे नाव मी येथे घेत नाही, तुम्हा सर्वांना ती माहीत आहे. नर्सिंगचे शिक्षण तिने पुरे केले. आता तिला जर्मनीस कामाला जायचे आहे. त्याआधी नागपुरास राहून तिकडची भाषा शिकायची, तिची परीक्षा द्यायची, कागदपत्रे करायची. घरी तेवढे बळ नाही, म्हणून मंडळाने मदत करावी अशी तिची विनंती. त्या वेळी सर्वांच्या आधी उठून कोण बोलले? मीच बोलले. मी म्हणाले, "पैसे द्या, पण लिहून घ्या. चार वर्षांनी परत येऊन गावातच काम करीन असे तिने स्टँपावर लिहून द्यावे." तुम्ही टाळ्या वाजविल्या. मुलगी दाराशी उभी होती. तिने काही उत्तर दिले नाही. पायांत चपला घातल्या आणि निघून गेली. त्यानंतर ती आपल्याकडे आलेली नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. का लागली नाही ते शेवटी सांगते. आधी मला जी हकीकत सांगायची आहे ती सांगते.

आपल्यापैकी पुष्कळ जणींनी "आनंदी गोपाळ" हा २०१९ चा चित्रपट पाहिला आहे. मीही पाहिला, आणि मग वाचनालयातून पुस्तक आणून वाचले. काही गोष्टी मुलाकडून मोबाइलवर शोधून घेतल्या. त्यात मला एक मिशनरी भेटला. त्याच्यावर आधी माझा राग होता. वाचता वाचता तो थोडा उतरला.

मिशनरी म्हटले की आपल्याला वाटते, त्याला सरकार पैसे देत असेल किंवा विलायतेतला कोणी श्रीमंत माणूस. तसे नसते. परदेशी जाण्यापूर्वी ते कुटुंब आपल्याच देशात दारोदार फिरते. आज या गावच्या चर्चमध्ये, पुढच्या रविवारी दुसऱ्या. नवरा उभा राहून सांगतो की आम्हांला अमुक देशात जायचे आहे, तेथे अमुक काम करायचे आहे. बायको मुलांना घेऊन पुढच्या बाकावर बसते. मग लोक वचन देतात, कोणी महिन्याला इतके देईन म्हणतो, कोणी वर्षाला. ठरलेली रक्कम जमेपर्यंत तिकीट काढता येत नाही. म्हणजे भगिनींनो, त्या घरच्या बाईलाही आपल्या त्या मुलीसारखेच लोकांसमोर उभे राहावे लागते.

आणि देणाऱ्या कोण? आपल्यासारख्याच. अमेरिकेत बोस्टन शहरी १८०० साली मेरी वेब नावाच्या एका बाईने चौदा जणींना जमवून मिशनच्या कामासाठी मंडळ काढले. ती बाई लहानपणापासून पायांनी अधू, चाकाच्या खुर्चीत बसून सारा कारभार पाहायची. दोन वर्षांनी, १८०२ साली, तेथेच दुसऱ्या एका मंडळाने आठवड्याला एक सेंट देण्याचा नेम काढला. सेंट म्हणजे तिकडचा पैसा. त्यानंतर दहा वर्षांनी, १८१२ च्या फेब्रुवारीत, सेलम नावाच्या बंदरगावी पाच तरुणांना दीक्षा मिळाली. तिघांच्या बायका बरोबर निघाल्या. त्यांपैकी हॅरिएट न्यूवेल ही मुलगी अवघी अठरा वर्षांची. ती आपल्या देशात राहू शकली नाही, कंपनी सरकारने राहू दिले नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस मॉरिशस बेटावर ती वारली. तिच्याच सोबत्यांपैकी हॉल आणि नॉट हे १८१३ साली मुंबईस उतरले आणि तेथून अमेरिकन मराठी मिशन सुरू झाले. धर्माचा भाग त्यांचा त्यांच्यापाशी, पण सेंट सेंट जमविणाऱ्या त्या बायकांचे मला कौतुक वाटते.

आता तो मिशनरी. त्याचे नाव रॉयल वाइल्डर. १८४६ साली तो बायकोसह अहमदनगरास आला, १८५२ साली कोल्हापुरास गेला. पुढे आजारपणामुळे मायदेशी गेला, आणि तेथे त्याचे व त्याला पाठविणाऱ्या बोर्डाचे बिनसले. बोर्डाने कोल्हापूरचे काम सोडून दिले. दुसरा असता तर घरी बसला असता. हा मात्र बोर्डावाचून १८६१ साली बायकामुलांसह पुन्हा कोल्हापुरास आला. स्नेह्यांनी आणि तिकडच्या मंडळ्यांनी जे पाठविले त्याच्या बळावर १८७० पर्यंत काम चालविले, मग दुसऱ्या एका मिशनने ते आपल्याकडे घेतले. त्याचा मुलगा रॉबर्ट कोल्हापुरातच १८६३ साली जन्मला. मला त्या माउलीचे आश्चर्य वाटते. तान्हे मूल मांडीवर, आणि पुढच्या महिन्याचा पैसा समुद्रापलीकडून येतो की नाही याचा भरवसा नाही. आपला पीकविम्याचा पैसा आला नाही तर आपण किती बडबड करतो!

पुढे वाइल्डर अमेरिकेस परतला आणि मिशनच्या कामाचे एक मासिक चालवू लागला. तेव्हा कोल्हापुरास टपाल खात्यात असलेल्या गोपाळराव जोशांनी अमेरिकन मिशनऱ्यांकडे मदतीचे पत्र लिहिले. आपल्याला अमेरिकेत काम मिळावे आणि बायकोला शिकता यावे एवढी मागणी. ते पत्र वाइल्डरच्या हाती पडले. त्याने उत्तर दिले त्याचा मथितार्थ असा, की तुम्ही ख्रिस्ती व्हा, मग पाहू. गोपाळरावांनी ते मान्य केले नाही. वाइल्डरने पत्र आणि उत्तर दोन्ही मासिकात छापून टाकले.

वाचताना मला फार राग आला. पण नंतर, विहिरीवर पाणी भरताना की काय, मनात आले, हा माणूस स्वतः दुसऱ्यांच्या दानावर वीस-पंचवीस वर्षे जगला. ज्यांनी त्याला सेंट सेंट दिला त्यांनी धर्मासाठीच दिला होता. तो पैसा कोणा ब्राह्मणाच्या बायकोच्या डॉक्टरीसाठी मी कसा देऊ, असे त्याला वाटले असेल. देणाऱ्याच्या मागे आणखी देणारे उभे असतात. आपले मंडळही तसेच आहे. मी उठून अट घातली ती माझ्या एकटीच्या पैशांवर घातली नव्हती, तुम्हा सर्वांच्या पैशांवर घातली होती. एवढे मी त्याच्या बाजूने सांगते, याहून जास्त नाही.

१८८० साली न्यू जर्सी प्रांतातली एक गृहिणी दाताच्या डॉक्टरकडे बसली होती. तिचे नाव थिओडिशिया कार्पेंटर. वाट पाहता पाहता तिने तेथे पडलेले ते मासिक चाळले. तिने ते पत्र वाचले, वाइल्डरचे उत्तरही वाचले. आणि घरी जाऊन आनंदीबाईंना पत्र लिहिले. ओळख ना पाळख. धर्माची अट घातली नाही. पुढे औषधे पाठविली, आनंदीबाई तिला मावशी म्हणू लागल्या, आणि शेवटी आपल्या घरी राहावयास बोलाविले.

पण बोलावणे आले म्हणजे तिकिटाचे पैसे आले असे नाही. तेव्हा जोशी पतिपत्नी बंगालमध्ये श्रीरामपूरला होते. मुलगी परधर्मात जाणार, बाटणार, असे लोक बोलत होते. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी आनंदीबाई तेथल्या कॉलेजच्या सभागृहात उभ्या राहिल्या. ते कॉलेजही मिशनऱ्यांनीच काढलेले, १८१८ साली. वय अठराच्या आत, भाषण इंग्रजीत. मी अमेरिकेस का जाते हा विषय. आपल्या देशात बायकांना बाई डॉक्टरची गरज आहे, आणि मी हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परत येईन, असे त्यांनी सर्वांदेखत सांगितले. भगिनींनो, पैसे मागायला उभे राहायचे आणि त्याच तोंडाने सांगायचे की हे मी सोडणार नाही, याला छाती लागते. त्या भाषणानंतर ठिकठिकाणांहून मदत आली, खुद्द व्हाइसरॉयनेही दोनशे रुपये दिले. दागिने विकले. तरी दोघांपुरते जमले नाही, म्हणून ७ एप्रिल १८८३ रोजी त्या नवऱ्यावाचून कलकत्त्याहून जहाजात बसल्या. सोबत मिशनरी बायका होत्या. ४ जूनला न्यूयॉर्क. तेथे मावशी घ्यायला आल्या होत्या.

पुढचे तुम्हांला माहीत आहे. फिलाडेल्फियाच्या बायकांच्या वैद्यकीय कॉलेजातून ११ मार्च १८८६ रोजी पदवी, कोल्हापूरच्या दवाखान्यात नेमणूक, आणि ती स्वीकारून काम सुरू होण्याआधीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास मृत्यू. वय बावीससुद्धा नाही. त्यांच्या अस्थी अमेरिकेत, कार्पेंटर मावशीच्या घराण्याच्या दफनभूमीत आहेत.

आता तुमच्यापैकी कोणी म्हणेल, परत आली, पण उपयोग काय झाला? दिलेले पैसे फुकट गेले. मीही तसा विचार करून पाहिला. मग मला कार्पेंटर बाईंची आठवण आली. त्यांनी कधी तसा हिशेब मांडला असे कोठे वाचावयास मिळाले नाही.

आता माझ्या न लागलेल्या झोपेबद्दल. मी माहेरी सातवी पास झाले तेव्हा वर्गात तिसरी होते. आमच्या खेड्यात पुढची शाळा नव्हती. नात्यातले एक गृहस्थ तालुक्याच्या गावी राहत. त्यांनी बाबांना निरोप पाठविला, मुलीला आमच्याकडे ठेवा, दहावीपर्यंत खर्च आम्ही करू, मात्र पुढे ती आमच्याच घरची सून होईल असा शब्द आजच द्या. बाबा ओसरीवर बसून होते. आई भाताची पेज गाळत होती. बाबांनी मला बोलावून विचारले, "तुला काय वाटते?" बारा-तेरा वर्षांच्या पोरीला काय वाटणार? मला शाळा हवी होती आणि तो मुलगा नको होता. मी रडू लागले. बाबांनी शब्द दिला नाही. पुस्तके माळ्यावर गेली. बाबांचा मला आजही अभिमान वाटतो आणि शाळेचे दुःखही आहे, दोन्ही. त्या गृहस्थांना मी वाईट म्हणत नाही, त्यांच्या मते त्यांनी चांगलेच केले. पण मागच्या बैठकीत ती मुलगी चपला घालताना खाली वाकली, तेव्हा मला माझी माळ्यावरची पुस्तके दिसली. आणि अट घालणारी या खेपेस मी होते.

तिने परत यावे असे मला आजही वाटते. आपल्या गावच्या बाळंतिणीला रात्री-बेरात्री गाडी शोधावी लागते, हे मी विसरलेले नाही. पण लिहून घेऊन आणलेली नर्स आणि आपणहून आलेली नर्स यांत फरक आहे, हे कोणत्याही बाळंतिणीला विचारा. आणि ती नाहीच आली तर? तर नाही आली. आपल्या तलावावर थंडीत परदेशी पक्षी येतात, त्यांना कोणी करार करून आणतो का? (हे मी लिहिले तेव्हा आमचे घरचे हसले, म्हणाले पक्ष्यांना भाषेची परीक्षा द्यावी लागत नाही. ते खरेच आहे.)

आता पैशांचे. मिझोराममध्ये ख्रिस्ती बायका स्वयंपाकाचे तांदूळ घेताना दर वेळी एक मूठ बाजूला काढतात. हा नेम १९१० पासून आहे. ते तांदूळ विकून त्यांचे चर्च चालते, एवढेच नव्हे तर त्यावर त्यांनी दुसऱ्या प्रांतांत आपले मिशनरी पाठविले. ज्यांच्याकडे मिशनरी आले त्या आता पाठविणाऱ्या झाल्या. आपला तर भाताचाच मुलूख. कोलू पाटलांनी हा एवढा तलाव बांधला तो धान पिकावे म्हणूनच. मी घरी काट्यावर माझी मूठ मोजून पाहिली, पन्नास ग्रॅम भरली. रोज एक मूठ म्हणजे महिन्याला दीड किलो. आपण बेचाळीस जणी आहोत, म्हणजे त्रेसष्ट किलो. पस्तीस रुपये भाव धरला तर दोन हजार दोनशे पाच रुपये दरमहा. वर्षाचे सव्वीस हजारांवर जातात. सारा खर्च त्यात निघणार नाही, पण नागपूरच्या खोलीचे भाडे बरेचसे निघेल. एक मात्र लक्षात ठेवा, मूठ घरच्या धानाच्या तांदळाची हवी. रेशनचा तांदूळ विकणे गुन्हा आहे, त्यात मंडळाला गोवू नका. ज्यांची शेती नाही त्यांनी मूठ टाकली नाही तरी चालेल, त्या तांदूळ मोजायला आणि निवडायला या.

हिशेब मात्र चोख हवा. वही राहील, दर महिन्याला वाचून दाखविली जाईल. मुलीने परीक्षेचा निकाल आणि खर्चाच्या पावत्या पाठवाव्या, एवढे आपण मागावे. याला मी अट म्हणत नाही, कोणीही दिलेल्या पैशाचा हिशेब देतो. परत येण्याचे मात्र तिच्यावर सोडावे. माझा मागच्या बैठकीतला प्रस्ताव मी येथे सर्वांसमोर मागे घेते. अध्यक्षबाईंनी तो वहीतून खोडावा.

काल सायंकाळी मी तिच्या घरी गेले होते. तिची आई जाळे विणत बसली होती. मुलगी नागपुरास गेली आहे असे कळले, मैत्रिणीकडे राहून शिकवणीची चौकशी करते आहे. मी आईला आपला निरोप दिलेला नाही, कारण तो मंडळाचा निरोप असावा, माझा नको. येत्या शनिवारी दुपारी बैठक आहे. तुम्हांला पटले तर येताना पहिल्या आठवड्याचे तांदूळ पिशवीत घेऊन या. तराजू मी आणीन. आणि बैठक संपल्यावर दोघी-तिघी जणी माझ्याबरोबर तिच्या घरी चला, म्हणजे मला एकटीला तोंड दाखवावे लागणार नाही.