एमिलिए मायर यांच्या सिंफनी

२१ एप्रिल १८५० रोजी बर्लिनच्या शाही नाट्यगृहात एका स्त्रीच्याच रचनांची मैफल झाली. ही स्त्री म्हणजे एमिलिए मायर. फ्रीडलँड गावच्या औषधविक्रेत्याची ही मुलगी १८१२ साली जन्मली. वडील गेल्यावर त्या श्टेटिनला संगीतकार कार्ल लोव्हे यांच्याकडे रचना शिकल्या. पुढे बर्लिनमध्ये मार्क्स आणि वीप्रेख्त या संगीतज्ञांकडे शिक्षण झाले. आठ सिंफनी आणि डझनभराहून अधिक ओव्हर्चर त्यांनी लिहिले. तरीही १८८३ मध्ये त्या वारल्यावर हे संगीत शतकभर जवळजवळ मुके झाले. काळाने गुणांची पारख करून त्यांना बाजूला सारले, असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. पारख व्हायला रचना पुन्हा पुन्हा वाजावी लागते. सिंफनीसाठी तर प्रत्येक वादकासमोर त्याच्या वाद्याची वेगळी प्रत हवी. ती छापलेली नसेल तर दूरच्या शहरातला वाद्यवृंद-संचालक, इच्छा असूनही, करणार काय? व्हायोलिन-पियानोचे सोनाटे घरोघरी खपत, म्हणून मायरबाईंचे असे संगीत छापले गेले. सिंफनी मात्र बहुतांशी हस्तलिखितातच राहिल्या. बी मायनर सिंफनीचेच पाहा. तिची वाद्यवृंदासाठीची मूळ प्रत हरवली, पण दोघांनी मिळून एका पियानोवर वाजवायचे रूपांतर छापलेले होते, म्हणून ती वाचली. त्यावरूनच श्टेफान माल्त्सेव्ह यांनी तिची वाद्यवृंदरचना नव्याने उभी केली.

कोणी म्हणेल, त्यांच्या हयातीत त्यांचे कौतुक झाले, प्रशियाच्या राणीने सुवर्णपदकही दिले, मग अडवले कोणी? कौतुक झाले हे खरेच. पण त्या स्तुतीतही बाईच्या मानाने उत्तम, असा सूर होता, आणि अशा स्तुतीने कोणता प्रकाशक सिंफनी छापण्याचा खर्च अंगावर घेणार? दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: त्यांच्या रचनांवर बेथोव्हनची गडद छाया आहे. आहेच. मात्र त्या पिढीत ती कोणावर नव्हती? ब्राम्ससारख्यालाही त्याच दडपणाखाली पहिली सिंफनी पुरी करायला १८७६ साल उजाडले. शिवाय मायरबाईंचा १८८० मध्ये छापलेला फाउस्ट ओव्हर्चर ऐकावा. बी मायनरमधली खोल, जड सुरुवात, मग झगडा, आणि अखेरीस बी मेजरचा उजेड. गटेच्या ‘फाउस्ट’ नाटकातली नायिका ग्रेटचेन हिच्या आत्म्याची सुटका इथे झाली, हे त्यांनी स्वरलिपीतच नोंदवले आहे. त्या नाटकाचा नायक फाउस्ट असला तरी या रचनेचा शेवट ग्रेटचेनच्या वाट्याला येतो. हा निर्णय उसना घेतलेला नाही. आता त्यांच्या सिंफनींची ध्वनिमुद्रणे झाली आहेत. पुढची गरज आहे ती या सिंफनी नेहमीच्या मैफलींत, शुमान आणि ब्राम्स यांच्या शेजारी वाजण्याची. तिथे त्या कमी पडल्या, तर तसे खुशाल म्हणावे.