तक्ता कुठं संपतो?

आज स्प्रिंगबद्दल बोलायचंय, आणि माझ्या एका चुकीबद्दलही.

१९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आजूबाजूला सुटे भाग बनवणाऱ्या लहानमोठ्या कंपन्या वाढत गेल्या. अशाच एका छोट्या कंपनीत माझी पहिली नोकरी. नाव राहू द्या. काम मोटारसायकलच्या मागच्या सस्पेन्शनचं. शॉकअबसॉर्बर चेसिसला जिथं बसतो तो ब्रॅकेट टिकेल का, हे कॉम्प्युटरवर तपासायचं.

कॉलेजात आपण हूकचा नियम घोकतो : दुप्पट दाबलं की दुप्पट जोर. पण या स्प्रिंगचे वेढे एका टोकाला जवळजवळ होते. दाबत गेलं की ते एकमेकांना टेकतात. समजा ९ वेढे काम करत होते, त्यातले ५ टेकले, उरले ४. जेवढे वेढे कमी, तेवढी स्प्रिंग कडक. म्हणजे मिलिमीटरला २० न्यूटन लागत होते, ते थेट ४५.

हे मला माहीत होतं बरं का! म्हणूनच एकच आकडा न टाकता मी एन्सिसमधलं कॉम्बिन ३९ वापरलं. त्यात किती दबली, किती जोर लागला, याचा तक्ताच भरता येतो. आकडे टेस्टिंग मशीनवरून घेतले. ब्रॅकेट झकास पास झाला. आणि चाचणीच्या गाडीवर त्याला वेल्डजवळ तडा गेला.

दोन दिवस मी मेश बारीक करत बसले. शेवटी मशीनवरचे काका म्हणाले, "मॅडम, त्या दिवशी साठलाच मशीन थांबवायला लावली होती की तुम्ही."

गाडी खड्ड्यात आपटली की स्प्रिंग ८० मिलिमीटर दबत होती. तक्ता संपला म्हणून सॉफ्टवेअर थांबत नाही. शेवटचा उतार तसाच पुढं ओढतं. आणि वेढे टेकायचे नेमके ६० नंतर. माझ्या मॉडेलमध्ये ८० ला १६०० न्यूटन, खरे २१००. फरक ५०० चा, म्हणजे सिमेंटची एक गोणी. प्रत्येक खड्ड्याला!

आता मी आधी एकटी स्प्रिंग दाबून आलेख बघते, गाडी नंतर. आलेखाचा कोपरा टोकदार असेल तर तिथं चार बिंदू जास्त भरते, नाहीतर सॉल्व्हर अडखळतो. आणि टेस्टिंगला गेले की काकांना आधीच सांगते, "पूर्ण मिटेपर्यंत दाबा."