पटकीचा वैरी उंडेऱ्यात

पटकी हा आतड्याचा रोग. सकाळी कामावर निघालेला धडधाकट मनुष्य तांदळाच्या धुवणासारख्या जुलाबांनी दिवेलागणीपर्यंत सुकून जातो. डोळे खोल जातात, आवाज बसतो आणि नाडी हाताला लागत नाही. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कलकत्त्यात स्वल्पविरामाच्या आकाराचा तिचा जंतू निश्चित दाखवून दिला खरा. पण शत्रू ओळखला म्हणून तो हटला असे थोडेच होते?

ते काम अंगावर घेणारे वाल्डेमार हाफकिन हे १८६० साली ओडेसात जन्मलेले ज्यू शास्त्रज्ञ. मेचनिकॉव्ह यांचे हे शिष्य पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आले. पटकीचे जंतू त्यांनी एका प्रकारे क्षीण केले, दुसऱ्या प्रकारे उग्र केले आणि दोहोंची मिळून दुहेरी लस सिद्ध केली. १८ जुलै १८९२ रोजी ती प्रथम टोचली ती स्वतःच्याच अंगात. दुसऱ्याच्या मुलाबाळांस सुई लावण्याचा अधिकार असा मिळवावा लागतो.

१८९३ च्या मार्चमध्ये ते कलकत्त्यास उतरले. लस टोचणे सोपे. ती गुणकारी आहे हे सिद्ध करणे कठीण. ज्याने टोचून घेतले तो वाचला, पण तो मुळातच स्वच्छ राहणारा, शुद्ध पाणी पिणारा नसेल कशावरून? कलकत्त्याच्या काट्टाल बागान वस्तीत १८९४ साली एक संधी आली. तेथील सुमारे २०० रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस घेतली. पुढे वस्तीत १० जणांस पटकी झाली, ७ दगावले. आणि ते दहाही जण न टोचलेल्यांपैकी होते. पाणी एक, गल्ली एक; भेद काय तो सुईचा. तुलना करावयाची ती एकाच परिस्थितीतील माणसांची, हा धडा पटकीने त्यांना दिला, आणि तो उपयोगी पडला बडोद्याजवळ, एका वेगळ्याच रोगाच्या वेळी.

१८९६ साली मुंबईत प्लेग शिरला. ग्रँट मेडिकल कॉलेजातील तोकड्या जागेत हाफकिन यांनी मटणाच्या रसात जंतू वाढवून, उष्णतेने मारून प्लेगची लस केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती पुन्हा स्वतःस टोचून घेतली. पुढच्या वर्षी बडोद्यालगतच्या उंडेरा गावात प्लेग पेटला. आज वडोदरा शहराच्या कडेला येऊन मिळालेले हे गाव त्या वेळी बडोदे संस्थानातील एक खेडे होते. फेब्रुवारी १८९८ मध्ये हाफकिन तेथे गेले, सोबत बॅनरमन हे लष्करी डॉक्टर. त्यांनी एक एक कुटुंब पुढे बोलावले आणि घरातील सुमारे निम्म्याच माणसांस टोचले. पुरुष, स्त्रिया, मुले, धट्टे, अशक्त अशी दोन्ही बाजूंस शक्य तितकी सारखी वाटणी केली. छप्पर एक, चूल एक, आणि घरातले उंदीरही तेच.

काही आठवड्यांनी हिशेब झाला. ज्या २८ घरांत त्यानंतर प्लेग आला, तेथे टोचलेली माणसे ७१ होती; त्यांतील ८ आजारी पडली आणि ३ दगावली. न टोचलेली होती ६४. त्यांतील २७ आजारी पडली आणि २६ दगावली. टोचलेल्यांचे मृत्यू न टोचलेल्यांच्याच प्रमाणात झाले असते, तर ते ३ ऐवजी सुमारे २९ झाले असते.

हे आकडे वाचताना त्या सव्वीस जणांवर मन अडखळते. त्यांच्या वाट्याला सुई आली नाही, हाच त्यांचा अपराध. परंतु लस हितकर की घातक हे त्या दिवशी निश्चित कोणास सांगता येत होते? घरात भाऊ टोचलेला आणि बहीण न टोचलेली, ही वाटणी आज कोणतीही वैद्यकीय समिती सहजी मान्य करणार नाही. आणि तशा वाटणीवाचून विरोधकांची तोंडे बंदही झाली नसती.

तीही फार काळ बंद राहिली नाहीत. १९०२ च्या ऑक्टोबरात पंजाबातील मुल्कोवाल येथे टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मेले. सारे एकाच बाटलीतील लस घेतलेले. ठपका परळच्या प्रयोगशाळेवर आणि पर्यायाने हाफकिन यांच्यावर आला. त्यांचे पद गेले. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, हे पुराव्यात असूनही दोषमुक्तीस १९०७ साल उजाडले. त्यासाठी रोनाल्ड रॉस यांना लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये लिहावे लागले. हाफकिन कलकत्त्यास परतले. परळची जागा काही त्यांना पुन्हा मिळाली नाही.

पटकीचे कोडे त्यांच्या हयातीत सुटले नाही. जंतू आतड्याच्या भिंतीत न शिरताही शरीरातले पाणी ओढून कसा काढतो, हे शंभुनाथ डे यांनी कलकत्त्यात सशाच्या आतड्यावर प्रयोग करून दाखविले; तो जंतू विष सोडतो, हा त्यांचा निष्कर्ष १९५९ साली प्रसिद्ध झाला. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज घातलेले पाणी पाजून रोगी वाचविले. टोचण्याच्या जुन्या लसीची जागा आता तोंडाने घ्यावयाच्या लसीने घेतली आहे. परळच्या प्रयोगशाळेस १९२५ साली हाफकिन यांचे नाव देण्यात आले. तेव्हा ते हयात होते. १९३० साली लोझान येथे त्यांचा मृत्यू झाला.