जोडीचे कार्ब्युरेटर

(सुवर्णमहोत्सवी वर्षात इंदिरा नगर, लखनौ येथील कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण)



साहित्य, संगीत, नाट्य असे भारदस्त विषय असताना आम्ही फटफटीच्या कार्ब्युरेटरवर बोलणार, हे ऐकून काही मंडळींनी स्मित केले. ते रास्तच आहे. परंतु परमुलखात घर थाटलेल्या माणसापाशी वाडवडिलांच्या वस्तू थोड्या असतात, आणि ज्या असतात त्या त्याला टाकवत नाहीत. त्या जपाव्या कशा, हा प्रश्न मात्र भावनेने सुटत नाही. तेवढ्यापुरते आमचे निवेदन ऐकावे.

आमच्या कैलासवासी दादांनी १९८६ साली घेतलेली राजदूत ३५० आजही आमच्या अंगणात उभी आहे. यामाहाच्या आरडी ३५० ची ही देशी आवृत्ती एस्कॉर्ट्स कंपनीने १९८३ साली बाजारात आणली. दशक सरता सरता तिचे उत्पादन थांबले. इंजिन ३४७ घनसेंटिमीटरचे, टू-स्ट्रोक, दोन सिलिंडरांचे. आणि प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा कार्ब्युरेटर.

कार्ब्युरेटरचे तत्त्व साधे आहे. हवेचा झोत अरुंद गळ्यातून जाताना तेथील दाब उतरतो आणि खालच्या वाटीतले पेट्रोल जेटच्या बारीक छिद्रातून वर ओढले जाते. हवा किती सोडायची हे आतली स्लाइड ठरवते. वर्षानुवर्षे खालीवर होऊन स्लाइड व तिची खोबण झिजते, फटीतून जादा हवा शिरते आणि इंजिन मंद गतीवर स्थिर राहत नाही.

तीन वर्षांपूर्वी आमच्या गाडीचा डावा कार्ब्युरेटर असाच झिजला. आम्ही बाजारात जाऊन तसाच दिसणारा एक नवा आणला आणि बसविला. उजवा जुनाच ठेवला. चांगला चालतो तो कशाला बदला, हा आमचा हिशेब. गाडी पहिल्याच किकला सुरू झाली. दादांच्या मुलीला मागे बसवून आम्ही फैजाबाद रस्त्याने चिनहटकडे निघालो. वेग वाढला, आणि एकाएकी मागचे चाक जागच्या जागी आवळले गेले. हात सवयीने क्लचवर गेला म्हणून गाडी घसरत कडेला थांबली. मागून ट्रक येत नव्हता, एवढेच आमचे पुण्य. पुतणी काही बोलली नाही. तिचे हात मात्र बराच वेळ कापत होते.

इंजिन उघडले तेव्हा डावा पिस्टन सिलिंडरला चिकटलेला होता. नव्या कार्ब्युरेटरच्या जेटवर आकडा जुनाच, पण छिद्र लहान. पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली की ज्वलनाची उष्णता वाढते, पिस्टन फुगतो आणि धरतो. आमची सारी नोकरी याच फैजाबाद रस्त्यावरील हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये गेली. विमानाच्या इंधनयंत्रणेचे भाग जेथे बनतात, तेथे केवळ दिसण्यावरून कोणी भाग बसवीत नाही. घरी आल्यावर आम्ही ते विसरलो, याची लाज आजही वाटते.

पुढे दुरुस्ती ठरली तेव्हाही आम्ही एकच अस्सल कार्ब्युरेटर शोधू लागलो. पुतणी म्हणाली, “काका, एका डोळ्याला तपासून घेतलेली काच आणि दुसऱ्याला घासलेली जुनी, असा चष्मा तुम्ही घालाल का?” त्या प्रश्नाने आमचा निर्णय झाला.

आम्ही अस्सल मिकुनीचे, मूळ मापाचे म्हणजे २८ मिलिमीटरचे, दोन्ही कार्ब्युरेटर एकदम घेतले. मोठ्या मापाचा मोह घालणारे मिस्त्री भेटले. पण गळा मोठा झाला की कमी गतीला हवेचा झोत मंदावतो आणि पेट्रोल नीट ओढले जात नाही. मुन्शी पुलियाच्या गर्दीत रोज रांगणाऱ्या गाडीला ते काय कामाचे?

नवी जोडी कोणत्याही गाडीसाठी बनलेली असते; आपल्या इंजिनाचे जेट आपणच ठरवावे लागतात. सुरुवात मोठ्या जेटने करून हळूहळू खाली यावे. आजच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला जुन्या पेट्रोलपेक्षा थोडे मोठे जेट लागते. शिवाय मे महिन्याच्या लखनवी उन्हात जमविलेले प्रमाण जानेवारीच्या धुक्यात कमी पडते, कारण थंड हवा दाट असते. म्हणून आम्ही अंतिम निवड हिवाळ्यात केली. दोन्ही स्लाइडी एकाच क्षणी उचलल्या जातील अशा केबली जुळविल्या. त्याच मुठीने चालणाऱ्या ऑइलपंपाची खूणही तपासली. ती चुकली तर जेट अचूक असूनही वंगणावाचून इंजिन धरते.

याच शहरात पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी १९२६ साली संगीत महाविद्यालय उभे केले. तेथे गवयामागे दोन तंबोरे जुळवताना ज्याने ऐकले असेल, त्याला आमचे म्हणणे लगेच उमगेल. एकटा तंबोरा सुरेल असून भागत नाही. दुसऱ्याशी तो मिळावा लागतो.

गेल्या जानेवारीत पुतणीने ती गाडी स्वतः चिनहटपर्यंत नेऊन आणली. आम्ही फाटकाशी उभे होतो. ती परतल्यावर, इंजिन निवल्यावर, आम्ही दोन्ही प्लग काढून तळहातावर ठेवले. पांढरा पडला तर पेट्रोल कमी, काजळला तर जास्त. दोन्ही सारखेच कॉफीच्या रंगाचे होते. आम्ही गाडीची किल्ली तिच्या हाती दिली, ती परत मागितली नाही.