खिडकीतला पानओवा

युरोपात परसबागेत लव्हेज नावाची एक वनस्पती लावतात. तिच्या पानांना सेलरीसारखा वास असतो आणि सूपात ती आवर्जून पडते. हल्ली परदेशी बियांची पाकिटं घरपोच मिळतात, तेव्हा मुंबईजवळच्या काशीमीऱ्याच्या एखाद्या बाल्कनीतही ती लावून पाहावी असं कुणाला वाटलं तर नवल नाही. पण लव्हेज सहा फुटांपर्यंत वाढते, तिचं मूळ खोल जातं, आणि कडक हिवाळ्यात वरचा भाग वाळून मुळाला विसावा मिळाला की वसंतात तिला पुन्हा जोमाने फुटवा येतो. काशीमीऱ्याच्या इमारतींत ना तेवढी माती, ना तसली थंडी. इथल्या खिडकीचा खरा मानकरी पानओवा आहे.

यावर कुणी म्हणेल, पानओवा म्हणजे काही खरा ओवा नव्हे. बरोबर आहे. ओव्याचं रोप कोथिंबीर, बडीशेप आणि लव्हेज यांच्या कुळातलं, तर पानओवा तुळस-पुदिन्याच्या कुळातला. त्याच्यापासून मसाल्याचा ओवा मिळत नाही. पण स्वयंपाकाला कूळ नव्हे, वास लागतो. ओव्याचा वास मुख्यतः थायमॉल या द्रव्याचा, आणि पानओव्याच्या तेलात कार्व्हाक्रॉल व थायमॉल ही अगदी जवळची द्रव्यं असतात. म्हणून तर पान चुरडलं की ओवा आठवतो. भज्यांच्या बेसनात आपण ओवा घालतोच; इथे अख्खं पान पिठात बुडवून तळलं की ते काम पानच करतं. बारीक चिरून थालीपीठात किंवा खोबरं-दह्याच्या चटणीतही ते छान लागतं, मात्र दोन-तीन पानंच पुरेत, वास उग्र असतो.

लावायला बी लागत नाही, बोटभर फांदी मातीत खोचली तरी मूळ धरते. मांसल पानांत पाणी साठलेलं असतं, त्यामुळे एखाद्या दिवशी पाणी राहून गेलं तरी झाड तगतं. ते दगावतं ते जास्त पाण्याने. आपल्या कोकणपट्टीच्या पावसात कुंडी आडोशाला ठेवावी, मातीत वाळू मिसळावी आणि शेंडे खुडत राहावे. कुंड्यांमुळे डास होतात ही तक्रार खरी आहे. पण दोष झाडाचा नाही, खालच्या बशीत साचलेल्या पाण्याचा आहे, आणि डेंग्यूचा डास अशा पाण्यात वाढतो. ती बशी नियमित रिकामी करावी. आणि कुंडी खाली कुणाच्या अंगावर पडू नये म्हणून ती ग्रिलच्या बाहेर लोंबती मुळीच नको.

राहिला औषधाचा प्रश्न. सर्दी-खोकल्यावर या पानांचा काढा घरोघरी देतात, त्याने घशाला बरं वाटतं. पण लहान मुलाला धाप लागली असेल किंवा खोकला दोन आठवड्यांहून जास्त रेंगाळला असेल, तर काढ्यावर विसंबून राहू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि पावसाळा ओसरला की शेजाऱ्यांकडून पानओव्याची एक फांदी जरूर मागून आणा.