एक यंत्र आणि दोघे भाऊ
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चारचौघींत उभे राहून बोलण्याची मला सवय नाही. शिक्षण म्हणाल तर सातवीपर्यंतचे. चिटणीसबाई म्हणाल्या, "घरात घडले तेच सांगा," म्हणून उभी राहिले. विषय घोरण्याचा आहे. हसू नका, मीही वीस वर्षे हसतच होते.

आमच्या ह्यांचा टेम्पो आहे. गेल्या वर्षी भर दुपारी सिग्नलला ह्यांना डुलकी लागली आणि टेम्पो पुढच्या रिक्षाला जाऊन भिडला. कोणाला लागले नाही, ही देवाची कृपा. मग डॉक्टरांनी रात्रभर अंगाला तारा लावून झोपेची तपासणी केली. निजल्यावर घशाचे स्नायू सैल पडतात, वाट मिटते आणि दहा दहा सेकंद, कधी त्याहूनही जास्त, श्वास अडतो. तासाला पाचाच्या आत असे झाले तर चालते, तिसाच्या वर गेले तर दुखणे भारी. ह्यांचा आकडा निघाला ४६!

डॉक्टरांनी सीपॅप नावाचे यंत्र दिले. नाकावर मुखवटा बांधायचा, आणि यंत्र हवेच्या दाबाने घशाची वाट उघडी ठेवते. ऑस्ट्रेलियातील डॉक्टर कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली पाच रोग्यांवर केलेला याचा प्रयोग प्रसिद्ध केला. ह्यांना ते आठवड्यात मानवले. एके दिवशी पहाटे उठून ह्यांनी स्वतः चहा ठेवला, तेव्हा मला वाटले घरात पाहुणेच आले!

पुढे धाकट्या भाऊजींनाही तेच दुखणे निघाले. आकडा १९, म्हणजे ह्यांच्या निम्म्याहून कमी. तसलेच यंत्र आणले. पण भाऊजी रात्री दोन वाजता मुखवटा काढून फेकीत आणि दिवसा पेंगत. मी जावेला नाही नाही ते बोलले. "नवऱ्याला एवढे लाडावून ठेवलेस, तुझ्याने एक मुखवटा बांधवत नाही?" ती काही बोलली नाही, मोरीत जाऊन रडली. आज ती समोरच बसली आहे. तिला विचारूनच हे सांगते आहे.

पुढच्या खेपेस मीच तिच्याबरोबर दवाखान्यात गेले. यंत्रात किती तास वापर झाला ते नोंदलेले असते. भाऊजींचे दोन तासही भरत नव्हते. वाटले, आता बोलणी बसणार. पण डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, आजाराचे नाव एक, पण कारणे निरनिराळी. कोणाचा घसाच अरुंद, कोणाचे स्नायू झोपेत फार ढिले, कोणाची झोप इतकी सावध की जरा खुट्ट झाले की जाग. भाऊजी या शेवटच्यांतले. शिवाय नाकाचे हाड वाकडे, आणि श्वास अडे तो बहुतेक उताणे निजल्यावर. हे तपासणीच्या कागदावर पहिल्यापासून लिहिलेले होते. वाचले कोणी?

मग मी बनियनच्या पाठीला खिसा शिवून त्यात चेंडू घातला, म्हणजे उताणे निजता येऊ नये. चार दिवसांत भाऊजींनी तोही फेकला! शेवटी दातांच्या डॉक्टरांनी खालचा जबडा किंचित पुढे धरणारी, कवळीसारखी पट्टी करून दिली. सकाळी जबडा दुखे, पण ती टिकली. पुन्हा तपासणी केली तेव्हा आकडा ७ आला. ह्यांच्या दुखण्याला ती पट्टी पुरली असती असे नाही, आणि काहींना तर आकडा उतरूनही दिवसा झोप येतच राहते. मग दुसरे कारण शोधावे लागते, असे डॉक्टर म्हणाले.

आता आमच्या वन्सं. त्या फारशा घोरत नाहीत. नुसता थकवा, सकाळी डोके दुखणे, रात्री जाग. पाळी गेल्याचा त्रास म्हणून दोन वर्षे शक्तीच्या बाटल्या झाल्या. बायकांत हे दुखणे असेच लपून राहते म्हणे, आणि पाळी गेल्यावर ते वाढतेही. त्यांची तपासणी येत्या सोमवारी आहे. बरोबर जावेला पाठवते आहे; काय विचारायचे ते तिला माझ्यापेक्षा चांगले समजते.