हजेरीपटातली ओळ



गावच्या शाळेतल्या पहिलीच्या हजेरीपटात तुमचं नाव चढलं, तिथून आजच्या पदवीची वाट सुरू झाली. ते नाव मध्येच गळलं नाही, म्हणून तुम्ही इथवर आलात. ज्यांची नावं गळली, त्यांच्याविषयी मला आज बोलायचं आहे.

मी शिक्षक होतो तेव्हा चौथीतली एक मुलगी दिवाळीच्या सुटीनंतर शाळेत आलीच नाही. महिनाभर मी तिच्या नावापुढे लाल शाईने गैरहजेरी मांडत गेलो. मग एका संध्याकाळी शेताच्या बांधावरून जाताना ती दिसली. कमरेला ओटी बांधून आईच्या मागे कापूस वेचत होती. बोंडांच्या वाळक्या टोकांनी तिची बोटं सोलली होती. गाठोडं काट्यावर चढलं आणि वजन आईच्या नावावर लिहिलं गेलं. मालकाच्या वहीत त्या मुलीचं नाव नव्हतं. ते फक्त माझ्या हजेरीपटात होतं आणि मी त्यापुढे नुसत्या खुणा करत बसलो होतो. ती परत शाळेत आली नाही.

त्या आईला मी कधी दोष दिला नाही. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, वीटभट्टीवर ती हजार विटांवर ठरते. दर अपुरा असला की पोट भरायला घरातला लहानसा हातही लागतो. म्हणून 'मुलीला शाळेत पाठवा' असं सांगणाऱ्याने आईच्या मजुरीसाठीही भांडलं पाहिजे.

मुलांना शाळेत आणण्याचा लढा जुना आहे. 1882 मध्ये महात्मा फुल्यांनी हंटर आयोगाकडे मुलांना किमान बारा वर्षांपर्यंत सक्तीचं प्राथमिक शिक्षण मागितलं. 1917 मध्ये राजर्षी शाहूंनी कोल्हापूर संस्थानात ते सक्तीचं आणि मोफत केलं. देशात शिक्षण हक्क कायदा लागू व्हायला मात्र 1 एप्रिल 2010 उजाडावं लागलं. त्यानंतर वर्षभराच्या आत झालेल्या 2011 च्या जनगणनेत 5 ते 14 वयाची एक कोटीहून अधिक मुलं काम करताना मोजली गेली. बालकामगार कायद्यातल्या 2016 च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी आली. शाळा सुटल्यावर किंवा सुटीत धोकादायक नसलेल्या कामात घरच्यांना मदत करायला कायद्याची आडकाठी नाही. पण शाळा बुडवून परक्याच्या रानात दिवसभर वेचणी करणं म्हणजे घरची मदत नव्हे, हे आपण ठामपणे सांगायला हवं.

आपलं सावरगाव मध्य प्रदेशात, महाराष्ट्राच्या सीमेजवळ आहे. इथलं कुटुंब कामासाठी सीमेपलीकडे नरखेड, काटोल, वरुडकडे गेलं की मुलाचं नाव इथल्या शाळेतून गळतं आणि तिथल्या शाळेत चढत नाही. दाखला मिळायला उशीर झाला तरी प्रवेश नाकारता येत नाही, असं कायदा स्पष्ट सांगतो. पण हे त्या मजूर बापाला कोण सांगणार? तुम्हीच.

नव्वदच्या दशकात ठाणे जिल्ह्यात विधायक संसद या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी अशाच मजुरांच्या मुलांसाठी वाट काढली. वीटभट्टीवरच्या मजुरांच्या झोपड्यांना तिकडे भोंगा म्हणतात. मुलं शाळेपर्यंत पोहोचत नाहीत, हे पाहून कार्यकर्त्यांनी शाळाच भट्टीवर नेली. ती भोंगाशाळा.

तुमच्या हातातही साधनं आहेत. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यांना बैठकीत बोलायचं बळ द्या. ग्रामसभेत गळालेल्या मुलांचा विषय मांडा. मूल संकटात असेल तर 1098 वर फोन करा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीच्या दगडफेकीला सावरगाव आणि पांढुर्णा एका झेंड्यासाठी जाम नदीवर लोटतात. मग एका मुलीसाठी पाच माणसं शाळेच्या पायरीवर जमणं आपल्याला जड का जावं?

यंदा वेचणी सुरू झाली की आपल्या गावच्या शाळेत जा. गुरुजींसोबत बसून हजेरीपट पाहा. एखाद्या नावापुढे सलग लाल खुणा दिसल्या की त्या घराची वाट धरा. मी महिन्याने पोहोचलो. तुम्ही तिसऱ्या दिवशी पोहोचा.